ब्रुनेल : मोठा इंजिनिअर, बदलती ड्रॉइंग्ज

माझ्या रूमच्या दारावर एक फोटो आहे. उंच काळी टोपी, तोंडात सिगार, चिखलाने माखलेली पँट आणि मागे अजस्र साखळ्या. हा इसम्बार्ड किंगडम ब्रुनेल. सिगारमुळे रेक्टर सरांनी तो दोनदा काढायला लावला!

ब्रुनेलचा जन्म ९ एप्रिल १८०६ ला इंग्लंडमधल्या पोर्ट्समथला झाला. वडील मार्क हेही इंजिनिअर. त्यांनी लंडनला थेम्स नदीखालून बोगदा खणायला घेतला, तेव्हा विशीतला ब्रुनेल साइट सांभाळत होता, म्हणजे आपल्याच वयाचा. जानेवारी १८२८ मध्ये नदी आत घुसली. सहा कामगार गेले, हा जेमतेम वाचला.

१८३३ मध्ये, अवघ्या २६ व्या वर्षी, तो ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा इंजिनिअर झाला. रुळांमधलं अंतर त्याने सात फूट ठेवलं (आपलं ब्रॉडगेज साडेपाच फुटांचं). मेडनहेडचा विटांचा पूल, बॉक्सचा जवळजवळ तीन किलोमीटरचा बोगदा असं करत १८४१ मध्ये लंडन ते ब्रिस्टल लाइन सुरू झाली.

इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. कंत्राटदारांचं काय झालं ते कोणी सांगत नाही. त्या कंत्राटांत ड्रॉइंग देणार इंजिनिअर, काम पास करणार इंजिनिअर, बिलावर सही त्याचीच आणि वाद झाला तर निवाडाही बहुधा त्याचाच! ब्रुनेल कामात भयंकर चोखंदळ. डिझाइन सुधारत राहायचा, पण वाढीव काम मान्य करताना हात आखडता.

विल्यम रेंजरला खोदताना अपेक्षेपेक्षा कठीण खडक लागला. काम रखडलं आणि १८३८ मध्ये कंपनीने ते काढून घेतलं. तो कोर्टात गेला. ब्रुनेलकडे कंपनीचे शेअर्स आहेत, मग तो निःपक्षपाती कसा, हाही त्याचा मुद्दा होता. १८५४ मध्ये तो हरला. ह्यू मॅकिन्टॉश हा अंध झालेला जुना कंत्राटदार. बिलं अडकलेली असतानाच १८४० मध्ये तो वारला. घरच्यांनी दावा चालवला. निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण १८६५ मध्ये! तोवर ब्रुनेलला जाऊन सहा वर्षं झाली होती.

फोटोतल्या साखळ्या 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाच्या. ते ३,७७,२०० पौंडांत बांधायचं स्कॉट रसेलने कबूल केलं आणि १८५६ मध्ये त्याचंच दिवाळं वाजलं. जहाज पाण्यात उतरलं, पण ब्रुनेल थकला होता. १५ सप्टेंबर १८५९ ला, वयाच्या ५३ व्या वर्षी तो गेला.

हे सगळं मी का शोधलं? सुट्टीतल्या ट्रेनिंगमध्ये साहेबांनी सांगितलं म्हणून मी ठेकेदाराला एक भिंत दोन फूट सरकवायला तोंडी सांगितलं. बांधलेली भिंत पाडून त्याने परत बांधली. बिलात ते पैसे कापले गेले. लेखी ऑर्डर कुठाय, असं ऑफिसने विचारलं. तो माझ्याकडे बघत राहिला. माझ्याकडे कागदच नव्हता.

सीपीडब्ल्यूडीच्या कंत्राटात क्लॉज १२ आहे. बदल लेखी हवा, त्याचा दर कसा ठरवायचा, मुदत किती वाढवायची, सगळं त्यात आहे. परीक्षेसाठी मी तो घोकला होता. आता नीट वाचलाय.

फोटो मात्र काढलेला नाही. ब्रुनेल मोठाच होता. फक्त त्याच्या खाली मी आता मॅकिन्टॉशचं नाव लिहून ठेवलंय.