सातासमुद्रांपलीकडचे माहेर

ठाणे जिल्ह्यातील कल्याण हे फार प्राचीन बंदर. एके काळी तेथून देशोदेशी गलबते जात असत. परंतु एकोणिसाव्या शतकात तेथील ब्राह्मण घरातील एखाद्या स्त्रीने समुद्र ओलांडावा, ही कल्पनादेखील लोकांना सहन होत नसे. अशा त्या काळी, कल्याणच्या जोशी घराण्यात ३१ मार्च १८६५ रोजी एक कन्या जन्मास आली. तिचे नाव यमुना. याच पुढे डॉ. आनंदीबाई जोशी म्हणून प्रसिद्धीस आल्या.

वयाच्या नवव्या वर्षी यमुनेचा विवाह गोपाळराव जोशी यांच्याशी झाला आणि ती आनंदी झाली. गोपाळराव पोस्ट खात्यात नोकरीस होते. पत्नीने शिकलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. तो आग्रह पुष्कळदा कठोरही होई. परंतु आनंदीबाई नेटाने शिकत राहिल्या. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला, पण योग्य उपचारांअभावी ते बालक अवघ्या दहा दिवसांत दगावले. पुरुष वैद्यांपुढे जाण्यास स्त्रिया संकोचत आणि स्त्री डॉक्टर तर मिळत नसे. कित्येक माता आणि बालके अशीच प्राणास मुकत. आपण स्वतःच डॉक्टर व्हावे, असा निश्चय या दुःखातून आनंदीबाईंनी केला.

पत्नीच्या शिक्षणाची सोय व्हावी म्हणून गोपाळरावांनी अमेरिकेतील एका मिशनऱ्यास पत्र लिहिले होते. साहाय्य हवे तर ख्रिस्ती धर्म स्वीकारावा, असे तिकडून सुचविण्यात आले. ते गोपाळरावांनी मान्य केले नाही. तथापि हा पत्रव्यवहार तेथील एका मासिकात छापून आला. न्यू जर्सी राज्यातील रोझेल या गावी राहणाऱ्या श्रीमती कार्पेंटर १८८० मध्ये दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता तो अंक सहज त्यांच्या हाती पडला. शिकण्यासाठी तळमळणाऱ्या या अनोळखी मुलीविषयी त्यांच्या मनात माया उपजली. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहून आपल्या घराचे दार त्यांच्यासाठी उघडे केले.

पुढे सुमारे तीन वर्षे पत्रे येत-जात राहिली. घरातील रीतिरिवाज, सण, बालविवाह, स्त्रियांचे आरोग्य, असे नाना विषय त्यांत असत. आनंदीबाईंची प्रकृती बरी नसल्याचे कळताच कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे धाडली. एकमेकींचे तोंडही न पाहता दोघींमध्ये मावशी-भाचीचे नाते जुळले.

आनंदीबाई परदेशी जाणार हे कळताच लोकांनी टीकेचा भडिमार केला. तेव्हा १८८३ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे त्यांनी भरसभेत भाषण केले. हिंदू म्हणूनच जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे वचन त्यांनी दिले. त्याच वर्षी एप्रिल महिन्यात, वयाच्या अठराव्या वर्षी, पतीला मागे ठेवून त्या कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या. ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या. कार्पेंटरबाई त्यांना घेण्यासाठी आल्या होत्या.

आता खरी कसोटी होती. यजमान ख्रिस्ती, पाहुणी हिंदू. यजमानांच्या घरी मांसाहार, तर पाहुणी शाकाहारी. परंतु आनंदीबाईंनी आपली लुगडी टाकावीत किंवा आपला धर्म सोडावा, असे कार्पेंटर कुटुंबाने कधीही सुचविले नाही. आनंदीबाईही पाहुणीसारख्या परक्या राहिल्या नाहीत. त्या घरातील मुलांत मिसळल्या आणि आपल्या हातचे भारतीय पदार्थ त्यांनी त्या मंडळींना खाऊ घातले. कोणीही आपले सत्त्व सोडले नाही आणि म्हणूनच ते घर दोघांचे झाले.

त्याच वर्षी आनंदीबाईंनी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. तेथील कडाक्याची थंडी आणि न मानवणारे अन्न यांमुळे त्यांची प्रकृती खालावत गेली. सुटी लागली की मात्र त्या रोझेलला जात. सासुरवाशीण जशी माहेरी विसाव्यास जाते, तशाच त्या तेथे जात.

अखेर ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. ही पदवी मिळाली. परदेशी जाऊन वैद्यकाची पदवी संपादन करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत. पदवीदान समारंभास गोपाळराव हजर होते. पंडिता रमाबाई तर या सोहळ्यासाठी इंग्लंडहून महासागर ओलांडून आल्या होत्या.

कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून आनंदीबाईंची नेमणूक झाली. परंतु मायदेशी परतल्या तेव्हा क्षयाने त्यांचे शरीर पोखरले होते. एकाही रुग्णाची सेवा हातून घडण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुणे येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांना बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

त्यांची रक्षा गोपाळरावांनी अमेरिकेस पाठविली. कार्पेंटरबाईंनी न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे, आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ती ठेवली आणि वर नाव कोरलेली शिळा उभारली. परक्या मुलीला त्यांनी आपल्या घरात जागा दिली होती. मृत्यूनंतरही त्यांनी तिला आपल्या माणसांतच ठेवले. ती शिळा आनंदीबाईंच्या धैर्याची जशी साक्ष देते, तशीच त्या मावशीच्या निरपेक्ष मायेचीही देते.