नेत्रहीन द्रष्टा : सर जॉन विल्सन

अंधाच्या हाती काठी देणे हे पुण्याचे कार्य आहेच; परंतु मुळात कोणाची दृष्टी जाऊच नये म्हणून झटणे हे त्याहूनही मोठे कार्य होय. हा विचार जगाला पटवून देणारे थोर पुरुष म्हणजे सर जॉन विल्सन. विशेष म्हणजे ते स्वतः पूर्णपणे अंध होते.

त्यांचा जन्म १९१९ साली इंग्लंडमध्ये झाला. वयाच्या बाराव्या वर्षी शाळेत रसायनशास्त्राच्या तासाला स्फोट झाला आणि त्यांची दृष्टी कायमची गेली. मात्र ते खचले नाहीत. ब्रेल लिपी आत्मसात करून त्यांनी ऑक्सफर्ड विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेतले व पुढे अंधकल्याणाच्या कार्याला वाहून घेतले.

१९४६ साली आफ्रिकेच्या दौऱ्यात त्यांना एक विदारक सत्य उमगले. तेथील असंख्य लोकांचे अंधत्व टाळता येण्याजोगे होते. खुपरी, जीवनसत्त्व ‘अ’चा अभाव, मोतीबिंदू यांवर उपाय ठाऊक असूनही ते गरिबांपर्यंत पोहोचत नव्हते. १९५० साली त्यांनी यासाठी संस्था स्थापन केली. तीच आज ‘साइटसेव्हर्स’ या नावाने ओळखली जाते.

घानाच्या उत्तर भागात वेगाने वाहणाऱ्या नद्यांकाठी एक लहान काळी माशी पैदा होते. तिच्या चाव्यातून सूक्ष्म कृमी शरीरात शिरतात, डोळ्यांपर्यंत पोहोचतात आणि हळूहळू दृष्टी हिरावून घेतात. या भयाने लोक सुपीक जमीन सोडून जात. म्हणजे आधी डोळे जात आणि मागोमाग अन्नही. विल्सन पत्नी जीन यांच्यासह तेथील नाकाँग गावी जाऊन राहिले. या रोगाचे शास्त्रीय नाव उच्चारायलाही कठीण. या दांपत्याने ‘नदीअंधत्व’ हे सुटसुटीत नाव रूढ केले आणि जगाचे लक्ष तिकडे वळले.

हे एकट्या संस्थेचे वा देशाचे काम नव्हते. १९७४ साली जागतिक आरोग्य संघटना, जागतिक बँक व अन्य संस्थांनी पश्चिम आफ्रिकेत संयुक्त मोहीम सुरू केली. हेलिकॉप्टरमधून नद्यांवर अळीनाशक फवारले गेले. जपानमधील मातीत सापडलेल्या जिवाणूपासून अमेरिकेत तयार झालेले आयव्हरमेक्टिन हे औषध १९८७ पासून विनामूल्य मिळू लागले. २००२ साली मोहीम संपली, तेव्हा सुमारे ६ लाख लोकांचे अंधत्व टळले होते आणि अडीच कोटी हेक्टर जमीन पुन्हा वसण्यायोग्य झाली होती.

१९७५ साली विल्सन यांच्या पुढाकाराने अंधत्व प्रतिबंधासाठी आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. नेत्रतज्ज्ञ आणि अंधांसाठी झटणाऱ्या संस्था प्रथमच एका व्यासपीठावर आल्या. पुढच्याच वर्षी भारतानेही राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम हाती घेतला. टाळता येण्याजोग्या अपंगत्वाविरुद्ध १९८३ साली सुरू झालेल्या ‘इम्पॅक्ट’ चळवळीचेही ते प्रणेते होते. तिच्या मुंबईतील भारतीय शाखेने १९९१ साली ‘जीवनरेखा एक्सप्रेस’ ही रुळांवरील रुग्णालय-गाडी सुरू केली आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया दुर्गम खेड्यांच्या दारी नेली.

नोव्हेंबर १९९९ मध्ये सर जॉन निवर्तले. कार्य मात्र अपुरेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार किमान १०० कोटी लोकांचा दृष्टिदोष टाळता आला असता किंवा त्यावर उपचार व्हायचे बाकी आहेत. उपाय ठाऊक असूनही तो गरजूंच्या दारी पोहोचत नसेल, तर उणीव ज्ञानाची नसून आपल्या प्रयत्नांची आहे. वेळेवर केलेली नेत्रतपासणी आणि शिबिरापर्यंत हात धरून नेलेला एखादा वृद्ध, हीच या महापुरुषाला खरी आदरांजली ठरेल.