मुक्या जिवांचा ‘लुडबुड्या’ वकील

कोंडवाडा म्हणजे काय, हे गावाकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. कुणाच्या उभ्या पिकात शिरलेली गाय कोंडवाड्यात जाते, मालक हात चोळत येतो, दंड भरतो आणि आपलं जनावर सोडवून नेतो. आता असाच एक कोंडवाडा डोळ्यांसमोर आणा, पण कुत्र्यांचा. ठरलेल्या वेळात मालक आला नाही, तर तिथल्या कुत्र्यांना एका लोखंडी पिंजऱ्यात कोंबायचं. एका वेळी चाळीस-पन्नास. मग तो पिंजरा यारीने उचलायचा आणि सरळ नदीत बुडवायचा. थोड्या वेळाने वर काढायचा, रिकामा करायचा आणि पुन्हा भरायचा.

ही गोष्ट कुठल्या आडरानातली नाही बरं का! हे चालायचं न्यूयॉर्क शहरात, ईस्ट रिव्हरच्या काठी, साधारण दीडशे वर्षांपूर्वी. १८७७ च्या जुलै महिन्यात तर एकाच दिवशी सातशेहून जास्त कुत्री अशी बुडवली गेली. त्याच शहरात तेव्हा एक माणूस रस्तोरस्ती फिरून जनावरांसाठी भांडत होता. त्याचं नाव हेन्री बर्घ.

हेन्रीचा जन्म २९ ऑगस्ट १८१३ चा, न्यूयॉर्कचाच. वडील ख्रिश्चन बर्घ जहाजं बांधण्याच्या धंद्यातलं मोठं नाव. घरात पैसा भरपूर. मुलाला कॉलेजात घातलं, पण त्याने शिक्षण अर्धवट सोडलं. वडिलांनंतर धंदाही फार काळ सांभाळला नाही. मटिल्डा टेलर या मुलीशी लग्न केलं आणि दोघं युरोप पाहत फिरू लागले. त्याला नाटकं लिहायची हौस होती. नाटकं लिहिली, ती काही चालली नाहीत. थोडक्यात काय, पन्नाशीपर्यंत या माणसाच्या हातून नाव घेण्यासारखं काहीच घडलं नव्हतं. आपल्याकडे अशा मुलाला ‘बापाच्या जिवावर’ असं म्हणतात आणि विषय संपवतात.

आणखी एक गंमत म्हणजे हा माणूस प्राणीवेडाही नव्हता. मांडीवर मांजर, पायाशी कुत्रं असं त्याचं चित्र नव्हतं. त्याला प्रेमापेक्षा न्यायाची चाड होती. स्पेनमध्ये बैलांची झुंज पाहताना शिंगांनी फाटलेले घोडे आणि टाळ्या पिटणारे लोक बघून त्याला किळस आली, ती कायमची मनात राहिली.

१८६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी त्याला रशियातल्या वकिलातीत सचिव म्हणून पाठवलं. सेंट पीटर्सबर्गच्या रस्त्यावर एक गाडीवान आपल्या घोड्याला बेदम मारत होता. बर्घने गाडी थांबवून त्याला दटावलं. अंगावर राजनैतिक अधिकाऱ्याचा झगझगीत पोशाख! गाडीवान घाबरला आणि हात आवरला. आपण मध्ये पडलो तर मार थांबतो, एवढी साधी गोष्ट बर्घला तिथे कळली. परतीच्या वाटेवर १८६५ मध्ये तो लंडनला थांबला. तिथे प्राण्यांचा छळ रोखणारी संस्था १८२४ पासून काम करत होती. तिचं काम त्याने नीट समजून घेतलं आणि मनाशी ठरवलं, आपल्या गावात हे झालं पाहिजे.

८ फेब्रुवारी १८६६ ला न्यूयॉर्कच्या क्लिंटन हॉलमध्ये त्याने भाषण केलं. शहरातल्या बड्या लोकांच्या सह्या मिळवल्या. १० एप्रिलला संस्थेला सरकारी मान्यता मिळाली आणि लगेच १९ एप्रिलला प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदाही झाला. या संस्थेला आज जग ‘एएसपीसीए’ या नावाने ओळखतं. मुख्य म्हणजे कायद्याची अंमलबजावणी करण्याचा अधिकार संस्थेला मिळाला. बर्घ स्वतः संस्थेचा अध्यक्ष. पगार? एक पैसाही नाही.

मग सुरू झाली रोजची पायपीट. उंच, सडपातळ बांधा, झुपकेदार मिशा, डोक्यावर उंच हॅट. हा गृहस्थ भर रस्त्यात ट्राम अडवायचा. त्या काळी ट्राम घोडे ओढायचे. माणसं खच्चून भरलेली, घोडे घसरताहेत, चाबूक बसतोय. बर्घ घोडे सोडायला लावायचा आणि उतारूंना चालत जावं लागायचं. लोक चिडायचे, वर्तमानपत्रं व्यंगचित्रं काढायची. ‘थोर लुडबुड्या’ असं नावच पडलं त्याला! १८७२ मध्ये घोड्यांमध्ये फ्लूची साथ आली, तेव्हाही आजारी घोड्यांना जुंपू नका म्हणून तो रस्त्यावर उभाच.

समुद्री कासवांचे पंख भोकं पाडून दोरीने बांधलेले आणि त्यांना उलथं टाकून जहाजातून आणलेलं, म्हणून त्याने कप्तानाला कोर्टात खेचलं. तिथे तो हरला, कारण कासव हा कायद्यातला ‘प्राणी’ ठरला नाही. शहरभर हसू झालं. पण त्या हसण्यातूनच घराघरांत त्याच्या कामाची चर्चा पोचली. दारूच्या भट्टीतला चोथा खाऊन आजारी पडलेल्या गाईंचं दूध शहरातल्या पोरांना पाजलं जायचं, त्याविरुद्धही तो लढला. १८६७ मध्ये जखमी घोड्यांसाठी त्याच्या संस्थेने रुग्णवाहिका सुरू केली. त्याच शहरात माणसांच्या इस्पितळाची रुग्णवाहिका आली त्यानंतर दोन वर्षांनी!

आपल्यासारख्या बायकांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी एक घटना १८७४ ची. एटा व्हीलर ही वस्तीत जाऊन गरिबांची विचारपूस करणारी बाई. तिला मेरी एलन नावाची साधारण दहा वर्षांची मुलगी एका घरात कोंडून, मारून ठेवलेली आढळली. एटाने सगळीकडे दाद मागितली, पण दुसऱ्याच्या घरात शिरायला कुणी तयार होईना. शेवटी ती बर्घकडे गेली. मुक्या जनावरासाठी धावणारा माणूस मुलीसाठी धावेल, असा तिचा साधा हिशेब. तो बरोबर निघाला. बर्घचे वकील एल्ब्रिज गेरी यांनी खटला उभा केला. मुलीची सुटका झाली, सांभाळणाऱ्या बाईला वर्षाची सक्तमजुरी झाली. मुलांच्या संरक्षणासाठी वेगळी संस्थाही उभी राहिली. मेरी एलन पुढे एटाच्या घरच्यांकडे वाढली, संसार केला, १९५६ पर्यंत जगली. एका मुलीचं नाव तिने ठेवलं होतं, एटा!

आता पुन्हा कोंडवाड्याकडे येऊ. न्यूयॉर्कमध्ये रेबीजची भीती होतीच, त्यामुळे उन्हाळा आला की मोकाट कुत्री पकडायची मोहीम निघायची. पकडून आणणाऱ्याला दर कुत्र्यामागे पैसे मिळायचे. पैसे म्हटल्यावर काय होणार? टगी पोरं लोकांच्या अंगणातली, मुलांच्या हातातली पाळलेली कुत्री पळवून आणू लागली. कोंडवाड्यात ना पाणी, ना सावली. बर्घ तिथे जाऊन भांडायचा. पाणी ठेवा, पोरांना बक्षिसं देऊ नका, उगाच घबराट पसरवू नका. काही गोष्टी सुधारल्या, काही तशाच राहिल्या.

तेव्हा शहराच्या कारभाऱ्यांनी एक सोयीची वाट काढली. कोंडवाडा तुमच्या संस्थेनेच चालवायला घ्या ना! बर्घने नकार दिला. जी संस्था प्राण्यांच्या रक्षणासाठी जन्मली, तिनेच त्यांना मारण्याचं खातं चालवायचं, हे त्याला संस्थेच्या मूळ तत्त्वाविरुद्ध वाटलं.

मैत्रिणींनो, इथे क्षणभर थांबावंसं वाटतं. हा नकार बरोबर होता का? तो नाही म्हणाला आणि पिंजरा नदीत बुडतच राहिला. त्याच्या हयातीत ते थांबलं नाही. दुसरीकडे फिलाडेल्फियात कॅरोलिन अर्ल व्हाइट ही बाई होती. बर्घपासून स्फूर्ती घेऊन तिने तिथली संस्था उभारायला मदत केली, पण बाई म्हणून कार्यकारी मंडळात तिला जागा नव्हती. मग १८६९ मध्ये तिने बायकांची वेगळी शाखा काढली. या बायकांनी शहराच्या कुत्री पकडण्याच्या कामातच हात घातला. हालहाल करणारी पद्धत बंद केली, निवारा बांधला, अन्नपाणी दिलं, कुत्र्यांना घरं शोधून दिली. ज्यांना कुणी नेलं नाही, त्यांना मात्र मारलंच, पण कमी वेदना देऊन. कुणाचं चुकलं म्हणायचं? हातात आलेल्या जिवाचे हाल कमी करणाऱ्या या बायकांना मी नावं ठेवू शकत नाही. तरी पुढे जे झालं ते पाहिलं की बर्घची भीती खरी वाटते.

१२ मार्च १८८८ ला, न्यूयॉर्कमध्ये भयंकर हिमवादळ चालू असताना बर्घ वारला. आदल्याच वर्षी मटिल्डा गेली होती. मूलबाळ नव्हतं. मागे राहिले ते कायदे. तेव्हाच्या अमेरिकेतल्या ३८ पैकी ३७ राज्यांत प्राण्यांच्या छळाविरुद्ध कायदा झालेला होता.

आणि सहाच वर्षांनी, १८९४ मध्ये, त्याच्याच संस्थेने कोंडवाडा ताब्यात घेतला! हेतू वाईट नव्हता. नदीत बुडवणं बंद झालं, त्याजागी गॅस आला. कुत्र्यांच्या परवान्याचे पैसे संस्थेला मिळू लागले. पण एकदा ते काम अंगावर घेतल्यावर ते संस्थेचं नेहमीचं काम होऊन बसलं. अमेरिकेत गावोगावी हाच रिवाज पडला. प्राणी वाचवायच्या संस्थाच वर्षानुवर्षं सर्वांत जास्त कुत्री-मांजरं मारत राहिल्या. १९७० च्या दशकात हा आकडा दर वर्षी कोटीच्या वर होता, असे अंदाज आहेत.

ते कुणालाच खटकलं नाही असं नाही. सॅन फ्रान्सिस्कोत रिचर्ड अवांझिनो यांनी तिथल्या संस्थेची सूत्रं १९७६ मध्ये घेतली आणि पुढे शहराचा कोंडवाड्याचा ठेका सोडून दिला. नसबंदी स्वस्त केली, दत्तक देण्यावर भर दिला. १९९४ मध्ये शहराशी करार केला, की धडधाकट आणि दत्तक देण्याजोगं एकही कुत्रं-मांजर मारायचं नाही. गंमत बघा, त्याच १९९४ च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये बर्घच्या संस्थेनेही कोंडवाड्याचं काम सोडलं. बरोबर शंभर वर्षांनी! ‘नो-किल’ म्हणतात ती चळवळ मग जोरात पसरली. २०१९ साली अमेरिकेतल्या निवाऱ्यांत मारलेल्या कुत्र्या-मांजरांची संख्या सुमारे ९ लाख २० हजारांवर आल्याचा अंदाज खुद्द एएसपीसीएने दिला. अजूनही खूपच आहे, पण कोटीवरून इथवर उतरली, हेही खरं.

आपल्या मुंबईतही असाच प्रसंग घडला होता, तोही बर्घच्या कितीतरी आधी. १८३२ मध्ये इंग्रज सरकारने मोकाट कुत्र्यांमागे आठ आण्यांचं बक्षीस लावलं. मारेकरी घरातली कुत्रीही ओढून नेऊ लागले. पारशी मंडळी भडकली, फोर्टमध्ये दंगल झाली. त्यातूनच १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरापोळ उभा राहिला. आठ आणे काय नि डॉलरची चिल्लर काय, जिवावर बक्षीस लावलं की माणूस सगळीकडे सारखाच वागतो. पुढे २००१ मध्ये भारतात नसबंदी आणि लस देऊन कुत्र्यांची संख्या आटोक्यात ठेवण्याचे नियम आले, २०२३ मध्ये नवे नियम झाले आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही या प्रश्नावर बरीच खळबळ झाली. ज्या आईच्या लेकराला कुत्रं चावलंय तिची बाजूही खरी आहे. तिला नुसती भूतदया सांगून चालत नाही. तिच्यासाठी लस वेळेवर मिळाली पाहिजे, नसबंदी झाली पाहिजे, गल्लीतला कचरा उचलला गेला पाहिजे. ही सगळी कंटाळवाणी, रोज करायची कामं. मारून टाकणं त्याहून सोपं वाटतं, म्हणूनच ते शंभर वर्षं चाललं.

संस्थेत काम करणाऱ्या आम्हा बायकांपुढे असे प्रश्न लहान प्रमाणात सतत येतात. सरकारचं एखादं नकोसं काम आपण चांगल्या मनाने अंगावर घेतो, अनुदान सुरू होतं, रजिस्टर भरायला लागतात आणि हळूहळू आपण कशासाठी जमलो होतो तेच मागे पडतं. बर्घ संत नव्हता. तापट होता, हेकेखोर होता, कित्येक खटले हरला. पण कुठल्या कामाला हो म्हणायचं आणि कुठल्या कामाला नाही, हे त्याला स्वच्छ कळत होतं. पुढच्या वेळी आपल्या मंडळापुढे असा एखादा ‘तुम्हीच घ्या ना’चा प्रस्ताव आला, तर सही करण्याआधी या लुडबुड्या म्हाताऱ्याची आठवण जरूर काढा.