राडिका आणि डूडिका : जोडलेल्या बहिणींची जीवनकथा



आज पाहू या ओडिशातल्या दोन बहिणींचे चरित्र. युरोपात त्यांची नावे राडिका आणि डूडिका अशी लिहिली गेली. (राडिका म्हणजे आपली राधिकाच असावी.) जन्म १८८८ च्या सुमारास. छातीच्या खालच्या टोकापासून पोटाच्या वरपर्यंत दोघी जोडलेल्या. तोंडे समोरासमोर.

पाच वर्षांच्या असताना, १८९३ मध्ये, एक खेळवाला त्यांना युरोपात घेऊन गेला. पुढे बार्नम अँड बेली सर्कशीत लोक तिकीट काढून त्यांना बघत. आपल्याकडे महाड-पोलादपूरला पाच पायांचा बैल दारात आला की पोरं कशी धावतात, आठवा. इथे बैलाच्या जागी दोन मुली होत्या, ज्यांना सगळं कळत होतं.

१९०२ मध्ये डूडिकाला क्षयरोग झाला. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. दोघींचे शरीर जोडलेले, म्हणजे एक गेली तर दुसरीही फार काळ राहणार नाही. पॅरिसचे शल्यचिकित्सक डॉ. यूजेन द्वायँ यांनी ९ फेब्रुवारीला त्यांना वेगळे केले. डूडिका काही दिवसांतच गेली. राडिका वाचली, पण तिलाही क्षय होताच. १९०३ मध्ये तीही गेली.

आता विचार करा, डॉक्टरांचे चुकले का? मला तसे वाटत नाही. हातावर हात ठेवून बसले असते तर दोघीही गेल्या असत्या. पण तेरा-चौदा वर्षे जिचा श्वास तोंडासमोर होता, ती बहीण एकदम नाहीशी झाल्यावर राडिकाने ते वर्ष कसे काढले असेल, हा प्रश्न ऑपरेशनच्या वर्णनात येत नाही.

खटकते ते वेगळेच. द्वायँ यांनी या ऑपरेशनचे चित्रीकरण करून घेतले होते. त्यांच्या ऑपरेशनांच्या फिती परस्पर विकल्या गेल्या, म्हणून ते कोर्टात गेले आणि १९०५ मध्ये जिंकले. वाद होता, फिती कुणाच्या मालकीच्या. सर्कशीतून सुटल्यावरही पोरी पडद्यावर बघायला ठेवल्याच होत्या!

२०१४ मध्ये मुंबईच्या वाडिया रुग्णालयात अशाच जोडलेल्या दोन चिमुकल्या बहिणी वेगळ्या झाल्या. हा विषय वर्गात घेताना फोटो दाखवायची घाई करू नका. आधी दोघींची नावे फळ्यावर वेगवेगळी लिहा.