भास्कराचार्य, चंद्राची गती आणि बाळाच्या वजनाची रेषा

दहावीच्या भूमितीत ‘रेषेचा चढ’ शिकवतात. रेषा आडवी जितकी सरकली, तेवढ्यात ती उभी किती चढली, हे सांगणारा साधा भागाकार. परीक्षा संपली की बहुतेकांच्या डोक्यातून तो निघून जातो. हाच विचार घेऊन चंद्राचा पाठलाग करणारा एक माणूस पावणेनऊशे वर्षांपूर्वी आपल्याकडे होऊन गेला.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४चा. आपले जन्मवर्ष त्यांनी ग्रंथातच नोंदवून ठेवले, ही जुन्या विद्वानांत दुर्मीळ गोष्ट. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. गाव सह्याद्रीच्या आश्रयाचे, नाव विज्जडविड. ते म्हणजे बीड असे काही अभ्यासक म्हणतात, काही विजापूर सांगतात, तर काही चाळीसगावजवळचे पाटण. पाटणची बाजू मला वजनदार वाटते, कारण तिथे शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने काढलेल्या मठाला १२०७ साली दान मिळाले, त्याचा हा लेख. शेवटच्या ओळी चक्क जुन्या मराठीत आहेत. १८६५ साली हा लेख अभ्यासकांसमोर आणला तो मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. दवाखाना सांभाळून हे केले, याचा आम्हा डॉक्टरांना हेवाच वाटावा.

वयाच्या ३६व्या वर्षी, ११५० साली, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. ‘लीलावती’ हा त्यातलाच एक भाग. मुलीच्या लग्नघटिकेत मोती पडल्याची जी गोष्ट आपण ऐकतो, ती फैजीने १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतरातली. ग्रंथात ती नाही.

‘लीलावती’त सावलीची गणिते आहेत. साडेतीन हात उंचीचा दिवा, त्यापासून ३ हातांवर १२ अंगुळांचा, म्हणजे अर्ध्या हाताचा शंकू. सावली किती? दिव्याच्या ज्योतीपासून शंकूच्या टोकापर्यंत किरण ३ हात पुढे जातो आणि ३ हातच खाली उतरतो. मग उरलेला अर्धा हात उतरायला त्याला अर्धा हातच पुढे जावे लागणार. सावली १२ अंगुळे. किरण सरळ असल्याने त्याचा उतार सगळीकडे सारखाच.

चंद्राचे तसे नाही. तो सरासरीने दिवसाला १३ अंशांच्या थोडा वर चालतो, पण कधी १२ अंशांहूनही कमी, तर कधी १५ अंशांहून जास्त. म्हणून तर तिथी कधी लांबते, कधी आखडते. उद्याच्या जागेतून आजची जागा वजा केली की दिवसभराची चाल कळते. पण तिथी नेमकी कधी संपते हे काढायला त्या वेळची चाल हवी. तिला तात्कालिक गती म्हणतात आणि ती काढण्याची रीत भास्कराचार्यांनी दिली. ग्रह आपल्या सरासरी जागेपासून जास्तीत जास्त दूर असतो, तेव्हा त्याची चाल सरासरीइतकीच असते, हेही त्यांनी ओळखले. म्हणजे ते अंतर शिखरावर असताना त्याचा चढ शून्य. कलनशास्त्र त्यांनीच शोधले, असे व्हॉट्सॲपवर फिरते. तेवढे म्हणू नये. मुंजालाने ९३२ सालीच अशी एक रीत दिली होती. पण न्यूटनच्या पाचशे वर्षे आधी इतके बारीक पाहणे ही लहान गोष्ट नव्हे. पुढे ६९व्या वर्षी, ११८३ साली, त्यांनी पंचांगकर्त्यांसाठी ‘करणकुतूहल’ हा सुटसुटीत ग्रंथ लिहिला.

किती आहे आणि कसे बदलते आहे, हा फरक नांदेड-लातूरच्या प्रत्येक अंगणवाडीत कामाचा आहे. समजा, दोन मुलगे आहेत. पहिल्याचे वजन सहाव्या महिन्यात ७.८ किलो, नवव्या महिन्यात ७.९. दुसऱ्याचे सहाव्यात ६, नवव्यात ७ किलो. तक्त्यावर पहिला हिरव्या पट्ट्यात, दुसरा पिवळ्यात. आई-आजी, कधी आमचे शिकाऊ डॉक्टरही, पहिल्याला शाबासकी देऊन दुसऱ्याची काळजी करतात. दुसऱ्याकडे लक्ष हवेच, पण त्याची रेषा महिन्याला सुमारे ३३० ग्रॅमने चढते आहे. पहिल्याची जेमतेम ३३ ग्रॅमने, जवळजवळ आडवी. या वयात तीन महिन्यांत साधारण किलोभर वाढ व्हायला हवी. वरचे अन्न सुरूच झाले नसेल, जुलाब वारंवार होत असतील, घरात कुणाला टीबी असेल. हिरव्या पट्ट्यातले हे मूल कुणाच्या नजरेत येत नाही. ते पिवळ्यात उतरेपर्यंत आणखी काही महिने गेलेले असतात.

म्हणून वजन झाले की केवळ आकडा विचारू नका. ताईंना मागच्या तीन महिन्यांचे ठिपके जोडून दाखवायला सांगा. रेषा आडवी पडली असेल किंवा खाली वळली असेल, तर रंग कुठलाही असो, पुढच्या वजनाची वाट न पाहता बाळाला दवाखान्यात आणा, आणि येताना तक्ता सोबत ठेवा.