चार लेकरे गमावलेला बाप

विश्वभूषण डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटले की आम्हाला घटनेचे शिल्पकार आठवतात, महाडचा सेनानी आठवतो. चार लेकरे गमावलेला बाप मात्र आम्ही विसरतो. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न. एकटा यशवंत तेवढा जगला.

राजरत्न बाबासाहेबांचा अतिशय लाडका. जुलै १९२६ मध्ये तो गेला आणि बाबासाहेब कोलमडले. पुढच्याच महिन्यात त्यांनी स्नेही दत्तोबा पवार यांना पत्र लिहून मन मोकळे केले. आपला आणि रमाईचा हा घाव कधी भरून येईल, असे त्यांना वाटत नव्हते.

त्यानंतर आठ महिन्यांनी, २० मार्च १९२७ रोजी, हाच बाप हजारो बांधवांच्या पुढे चवदार तळ्यावर चालत गेला. त्याच दिवशी सत्याग्रहींवर हल्ले झाले. ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. तळ्याचा दावा दहा वर्षे चालला आणि १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टात आपल्या बाजूने निकाल लागला.

२७ मे १९३५ रोजी राजगृहात माता रमाईंचे निधन झाले. बाबासाहेब लहान मुलासारखे रडले. त्यांनी मुंडन केले, काही काळ भगवी वस्त्रे घातली. पुढे १३ ऑक्टोबरला येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. १९४० सालचा पाकिस्तानवरील ग्रंथ त्यांनी रमाईंच्या स्मृतीला अर्पण केला. म्हणजे पाच वर्षांनंतरही ते रमाईंना विसरले नव्हते.

बाबासाहेबांनी दु:ख लपवले नाही, विसरलेही नाही. ते बरोबर घेऊनच ते कामाला लागले. पण त्यांना रडायला अवधी मिळाला, ऐकून घेणारा मित्र मिळाला.

आम्ही आमच्या अत्याचारपीडित कुटुंबांना काय देतो? निवेदन, मोर्चा, भाषणे! मुलगा गमावलेल्या आईला आम्ही खंबीर राहा असे बजावतो. महिन्याभराने त्या घराकडे कोण फिरकते? वकील म्हणून आम्ही पाहतो, प्रत्येक तारखेला ती माउली तोच प्रसंग पुन्हा भोगते. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २०१६ पासून लागू झालेल्या कलम १५ अ नुसार पीडितांना व साक्षीदारांना संरक्षण, प्रवासखर्च आणि पुनर्वसनाचा हक्क आहे. तो त्यांना सांगायचा कोणी?

दु:ख आहे हे मान्य करणे आणि ते दूर करण्यासाठी झटणे, हाच धम्म. बांधवांनो, पुढच्या तारखेला त्या आईबरोबर कोर्टात चला. तिला बोलू द्या, रडू द्या.

जयभीम!