संत जॉन बाप्तिस्ट दे ला साल आणि गरीब मुलांचें पहिलें पुस्तक

लहान मुलाच्या हातीं पहिलें पुस्तक कोणत्या भाषेंतील द्यावें, हा प्रश्न दिसण्यांत लहान, परंतु परिणामीं फार मोठा आहे. सुमारें सव्वातीनशें वर्षांपूर्वीं फ्रान्स देशांत एका सत्पुरुषानें आपल्या शाळांपुरता त्याचा निकाल लाविला, आणि त्याच गरीब मुलांच्या शाळांसाठीं घर, पद व धन यांवर पाणी सोडलें. शिक्षकांचे आश्रयदाते संत जॉन बाप्तिस्ट दे ला साल हेच ते सत्पुरुष. त्यांचें चरित्र वाचकांपुढें ठेवणें उचित होईल.

त्यांचा जन्म ३० एप्रिल १६५१ रोजीं रीम्स शहरीं एका सधन घराण्यांत झाला. वयाच्या सोळाव्या वर्षींच तेथील कॅथेड्रलांत कॅनन हें मानाचें व उत्पन्नाचें पद त्यांस मिळालें. पुढें आईवडील एकामागून एक निवर्तले आणि धाकट्या भावंडांचा भार त्यांजवर पडला. तरीही अध्ययन न सोडतां सन १६७८ मध्यें ते धर्मगुरु झाले. पुढील वर्षीं आद्रियां नियेल नांवाचे एक गृहस्थ गरीब मुलांसाठीं शाळा काढण्याच्या हेतूनें रीम्सला आले. त्यांस साहाय्य करितां करितां हा तरुण धर्मगुरु नकळत त्या कार्यांत ओढला गेला.

शाळांस मिळालेले शिक्षक बेताच्या शिक्षणाचे व अव्यवस्थित राहणीचे होते. दे ला साल यांनीं सन १६८१ मध्यें त्यांस आपल्याच घरीं आणून ठेविलें. आप्तेष्टांस हें मुळींच रुचलें नाहीं. पण ते मागें हटले नाहींत. सन १६८३ मध्यें त्यांनीं कॅननपद सोडलें, आणि पुढें दुष्काळ पडला तेव्हां आपली संपत्ति भुकेल्यांस भाकरी वांटण्यांत खर्च केली. ज्या शिक्षकांस उद्यांच्या अन्नाची शाश्वती नाहीं, त्यांस ईश्वरावर भरंवसा ठेवावयास सांगणारा स्वतःही निर्धनच असला पाहिजे, हें त्यांस पटलें होतें. या मंडळींतूनच ‘ख्रिस्ती शाळांचे बंधु’ हा संघ उदयास आला. सन १६८८ मध्यें त्याचें कार्य पॅरिस शहरीं सुरू झालें.

त्या काळीं मुलाचें पहिलें पुस्तक म्हणजे कांहीं पानांची एक लहानशी पुस्तिका असे. मुळाक्षरांच्या आरंभीं क्रुसाची खूण छापलेली असल्यामुळें तिला क्रुसाचेंच नांव पडलें होतें. अक्षरांमागून प्रार्थना येत, पण त्या लॅटिन भाषेंत. लॅटिनमधील बहुतेक अक्षरें उच्चारलीं जातात, फ्रेंचमध्यें पुष्कळ मूक राहतात. म्हणून वाचनाचा आरंभ लॅटिनपासून करणें सोपें, असा समज होता. शिक्षक एकेका मुलास जवळ बोलावी. तोंवर बाकीचीं मुलें रिकामीं बसत. श्रीमंताच्या मुलास हें चालून जाई. गरिबाच्या मुलास मात्र लवकरच कामधंद्यास लागावें लागे. तो न समजणारे शब्द अडखळत लावावयास शिके आणि शाळा सोडी. मग लॅटिन विसरून जाई, व स्वभाषा वाचतां येत नसेच.

दे ला साल यांनीं हा क्रम उलट केला. तसें करणारे ते पहिलेच नव्हते. परंतु गरिबांच्या शाळांतून तो सर्वत्र नियम म्हणून लागू करण्याचें मोठें श्रेय त्यांचें आहे. प्रथम भिंतीवरील तक्त्यांवरून अक्षरें व शब्दावयव, मग शब्दावयवांचें पुस्तक, मग क्रमानें फ्रेंच वाचनाचीं पुस्तकें, अशी पायरी त्यांनीं लावून दिली. एका इयत्तेंतील सर्व मुलांपाशीं एकच पुस्तक असावें. एकानें मोठ्यानें वाचावें, इतरांनीं मनांत वाचीत त्याच्यामागें जावें. फ्रेंच चांगलें वाचतां आलें म्हणजेच स्तोत्रांचें लॅटिन पुस्तक हातीं येई.

सन १७०३ मध्यें त्यांनीं ख्रिस्ती शिष्टाचारावर एक पुस्तक प्रसिद्ध केलें. जेवावें कसें, बोलावें कसें, वडीलधाऱ्यांपुढें वागावें कसें, हें मुलांनीं वाचनाबरोबरच शिकावें, हा हेतु. अशीं पुस्तकें हस्ताक्षरासारख्या वळणाच्या खास टायपांत छापीत. तीं वाचूं लागलेल्या मुलास पुढें हातानें लिहिलेले करारनामे व पावत्या वाचावयास देत, म्हणजे व्यवहारांत त्यास कोणी फसवूं नये.

विरोध पुष्कळ झाला. शार्त्रच्या बिशपांनीं लॅटिनच प्रथम शिकवावी असा आग्रह धरिला. दे ला साल यांनीं नम्रपणें, पण ठामपणें आपलीं कारणें लिहून मांडिलीं: स्वभाषेचें वाचन थोड्या वेळांत येतें, तें जन्मभर उपयोगीं पडतें, आणि त्यावरून लॅटिनही सुलभ होते. पॅरिसमध्यें तर फी घेऊन लेखन शिकविणाऱ्या गुरूंच्या संघानें त्यांजवर खटले भरले, व सन १७०४ ते १७०६ या काळांत निकाल त्यांच्याविरुद्ध लागले. ७ एप्रिल १७१९ रोजीं, उत्तम शुक्रवारीं, रूआं येथें त्यांनीं देह ठेविला. संघास पोपची मान्यता सन १७२५ मध्यें मिळाली; ती पाहण्यास ते नव्हते.

राज्यक्रांतीच्या धामधुमींत, सन १७९२ मध्यें, फ्रान्समधील संघ मोडला गेला. तो पुन्हां उभा राहिला, शिष्टाचाराचें पुस्तकही पुढें कितीदां तरी छापलें गेलें. पण काळ बदलत होता. हस्ताक्षरी टाइप कोणास वाचवेना, अक्षरें सुटीं सुटीं घोकण्याची रीत मागें पडली, नवीं चित्रमय क्रमिक पुस्तकें आलीं. एके काळीं असंख्य हातांत खेळलेलीं तीं पुस्तकें आज ग्रंथसंग्रहांच्या कपाटांत विसांवलीं आहेत.

परंतु बंधुजनहो, पुस्तकें जीर्ण झालीं म्हणून त्यांमागील दया जीर्ण झाली नाहीं. मूल जी भाषा बोलतें तिच्यांतूनच त्यास अक्षर द्यावें, आणि गरिबाच्या मुलाचा वेळ अमोल मानावा, हा त्यांचा धडा आजही नवाच आहे. सन १९०० मध्यें पवित्र सभेनें त्यांस संतपदीं बसविलें, व १५ मे १९५० रोजीं पोप बारावे पायस यांनीं त्यांस सर्व शिक्षकांचे आश्रयदाते ठरविलें. आपल्या मुलांच्या हातीं पहिलें पुस्तक देतांना या संताचें स्मरण करूं या.